दहावी रेघ

फोन उचलत नाहीये ना ती? मग पेन ठेव खाली. दहा मिनिटांनी परत लाव. आणि तुम्ही दोघं बॅगा काढा खांद्यावरून. गाडीची किल्ली माझ्या खिशात आहे, मला सोडून घरी कसे जाणार? बसा. तोवर एक गोष्ट सांगतो. ऐकीव नाही, माझ्या सख्ख्या मोठ्या बहिणीची आहे.

ताई याच कामावर होती. तुमच्या आधीचं संशोधन, पण काम हेच. दिवस भरत आलेल्या बायकांनी साडेसहाला जेवायचं, डाव्या कुशीवर पडायचं आणि बाळ हललं की कार्डावर पेन्सिलीनं एक रेघ मारायची. दोन तासांत दहा रेघा झाल्या की ठीक. नाही झाल्या तर लगेच गाडी पाठवून बाईला दवाखान्यात आणायचं. एवढ्याशा मोजणीनं किती बाळं वाचतात, ते मोठ्या डॉक्टरीणबाईंना बघायचं होतं. रात्री ताई एकेकीला फोन करून विचारायची, "दहा झाले का गं?" आणि वहीत आकडा लिहायची. चाळीस बायका. शेवटचा फोन नऊ चाळीसला. गाडी मीच चालवायचो, तिनंच मला इथं चिकटवलं होतं.

बारा वर्षं झाली. पंचवीस तारीख, गुरुवार. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वहीतले आकडे नकोत, मूळ कार्डं आणा. ताई सकाळपासून घरोघर फिरली. जिने चढून चढून पायांचे तुकडे पडले. शेवटचं घर राहिलं तेव्हा नऊ वाजून गेले होते. त्या घरचा फोन आठवडाभर लागत नव्हता. दवाखान्यात दाखल झाली असेल, घरचं कुणीतरी कार्ड देईल, असं ताईनं धरलं. मी गल्लीच्या तोंडाशी गाडी लावली. "दोन मिनिटांत आले," म्हणाली.

जिना चढताना एक गोष्ट तिला टोचत होती. सोळा तारखेला, मंगळवारी, या बाईला तिनं फोन केलाच नव्हता. एकोणचाळीस फोन झाले होते, डोळे मिटत होते. चाळिसाव्या नावापुढं तिनं नुसतं दहा लिहून टाकलं. तेवढं एकदाच. आता कार्ड आणि वही शेजारी शेजारी ठेवली की ते दिसणार होतं.

तिसरा मजला. जिन्यातला दिवा गेलेला. ताईनं हात वर केला, तर दार आतून उघडलं.

"या ताई. तुमचीच वाट बघत होते."

तीच बाई. पोट तेवढंच मोठं. ताईचा जीव भांड्यात पडला. आत अंधारच होता.

"दिवा नाही लावला?"

"डोळ्यांवर येतो. बसा ना. अजून दहा झाले नाहीत."

खाट, उशाशी कार्ड, पेन्सिल. बाई डाव्या कुशीवर आडवी झाली. ताई खाटेच्या कडेला टेकली. खरं सांगू? भीती वगैरे काही वाटली नाही तिला. बसायला मिळालं, एवढंच वाटलं. माणूस दमला की असंच होतं.

बाईनं ताईचा उजवा हात धरून पोटावर ठेवला. पोट गार होतं. कडक होतं.

"तुम्हीच मोजा आज."

एक.

मग बराच वेळ काही नाही. दोन… तीन… ताई मोजत राहिली. किती वेळ, तिला कळलं नाही. आठ.

नऊ.

मग काहीच नाही.

"दहावा येईल," ताई म्हणाली.

"तुमच्या वहीत आलाय ना?"

ताईनं डाव्या हातानं उशाशीचं कार्ड चाचपलं.

"ताई… तो कुठून आणलात?"

ताई उठू लागली. हात काढून घ्यायला गेली, हात निघेना. कुणी धरला नव्हता. तरी निघेना…

"कोण आहे तिकडं?"

जिन्यात बॅटरीचा उजेड पडला. एक म्हातारी बाई किल्ल्या घेऊन वर येत होती. ताई बाहेर उभी होती. बाहेर. बंद दारावर उजवा तळवा टेकून. दाराला कुलूप.

"तुम्ही त्या फोनवाल्या ताई ना?" म्हातारी म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, तेच वाईट. "मी सासू तिची. गेल्या आठवड्यात मंगळवारी रात्री बाळ कमी हलतंय म्हणाली. म्हणाली, ताईंचा फोन येईल, त्या गाडी पाठवतील. फोन हातात घेऊन बसून राहिली. आला नाही, तेव्हा मीच म्हटलं, काळजीचं असतं तर आला असता ना. पहाटे रक्त जायला लागलं. आधी बाळ गेलं. मग ती."

ताई खाली आली ती गाडीत नुसती बसून राहिली. दुसऱ्या दिवशी तिनं डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं आणि काम सोडलं. आकडा खोडला गेला. खोडून काय होणार होतं?

वर्षभरानं तिनं मला हात दाखवला. रोज रात्री नऊ चाळीसला उजव्या तळव्याला आतून ढुशी बसायची. डॉक्टर म्हणाले, नस दबलीय. असेल. पण नस काय दर रात्री मोजून नऊ वेळा दबते? मी स्वतः हात धरून मोजलंय.

मागच्या हिवाळ्यात ताई गेली. वाटलं, सुटली बिचारी. तिच्याबरोबर तेही संपलं.

आता उरलेलं सांगतो. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. त्या मंगळवारी ताईनं चाळिसावा नंबर काढला होता. मी खाली हॉर्न वाजवून कंटाळलो होतो, मलाही घरी जायचं होतं. वर येऊन मी म्हणालो, "अगं ताई, रोज दहाच असतात. लिही आणि चल."

…

किती वाजले? नऊ चाळीस ना.

लाव तिला फोन, पोरी. वाजू दे. नाही उचलला तर आपण सगळेच गाडी घेऊन तिच्या दारात जाऊ. तोवर तुझा दुसरा हात इकडं दे. इथं ठेव, माझ्या तळव्यावर. घाबरू नकोस.

मोज… नऊच असतात.