चाकामागचा दगड

वैशाखातल्या एका दुपारी भिवाजी डायव्हरने कोळशाचा ट्रक पौडला कोंडाजी मिस्त्रीच्या छपरासमोर आणून उभा केला, तेव्हा कोंडाजी जागाच होता. नुसता बाजेवर पडला होता. उठायचा कंटाळा आला होता, एवढंच. गेले काही महिने त्याला सगळ्याचाच कंटाळा येत होता, आणि त्याचं कारण त्याची बायको रंभाबाई सोडली तर कुणाला ठाऊक नव्हतं.

कोंडाजीला ऐकू येईनासं झालं होतं. डावा कान तोंडाशी टायर फुटला त्या दिवशी गेला, तो गेलाच. दिवाळीपासून उजव्यानेही हात आखडता घेतला होता. मिस्त्री म्हणजे हात, असं लोक समजतात. हात काय, सगळ्यांनाच असतात. गाडीचं कुठं दुखतंय ते गाडीच आवाजातून सांगते, आणि तो आवाज ज्याला कळतो तो मिस्त्री. लढाईच्या दिवसांत खडकीला लष्करी गाड्यांखाली पडून कोंडाजी हे शिकला होता. पहारीचं एक टोक गाडीच्या अंगाला टेकवायचं, दुसरं कानाला लावायचं आणि डोळे मिटायचे. मुळशी खोऱ्यातले सगळे कोळशाचे ट्रक त्या कानाच्या भरवशावर चालत होते. मिस्त्री बहिरा झालाय हे नुसतं कळायचा अवकाश, कोळशाचा ठेकेदार गाड्या पुण्याला दाखवायला लागला असता. मग कोंडाजीने छपराखाली बसून माश्या मारायच्या.

भिवाजी पुण्यात कोळसा उतरवून रिकामा परत चालला होता. मागून आवाज येतोय, असं त्याचं म्हणणं. कोंडाजीने बिडी पेटवायच्या निमित्ताने त्याच्या तोंडाजवळ जाऊन ते पुन्हा वदवून घेतलं.

"आदी खण्ण करतंय," भिवाजी म्हणाला, "मग घरघर लागतीया. पुन्ना खण्ण. आज चार दीस झालं, डोकं उठलंय निस्तं."

कोंडाजीने मागची बाजू जॅकवर उचलली. चाकं हाताने फिरवून पाहिली, स्प्रिंगच्या पाट्यांचे बोल्ट आवळून पाहिले. दोन मागच्या चाकांच्या मधोमध दातेरी चक्रांचा गोळा असतो, त्यातलं तेल घमेल्यात काढून बोटांवर चोळलं. दात झिजले असते तर लोखंडाची कचकच लागली असती. तेल लोण्यासारखं मऊ होतं. पहार लावून त्याने उजव्या कानाने ऐकलं, तर दूर कुणीतरी गोधडी झटकावी तसं काहीतरी आलं आणि गेलं. तेवढ्यावर काय सांगणार? कपाळाचा घाम पुसत तो बराच वेळ गाडीखाली पडून राहिला. बाहेर यावंसंच वाटेना.

शेवटी तेल भरून, रस्त्यावर चालती गाडी ऐकतो, असं त्याने सांगितलं. ही त्याची जुनी पद्धत होती. आपण मागे हौद्यात फळ्यांवर पालथं पडायचं, बरोबर गोळ्याच्या वर, आणि कान फळीला लावायचा. टपावर एक थाप मारली की डायव्हरने गाडी पळवायची, दोन मारल्या की थांबवायची.

माले गावाच्या पुढे रस्ता धरणाच्या पाण्याच्या कडेला लागतो, तिथवर ते गेले. ऊन उतरत होतं. पाणी पार तळाला गेलं होतं आणि गाळातून बुडालेल्या गावाचे चौथरे वर आले होते. हौद्यात कोळशाची भुकटी उडत होती. कोंडाजीने उजवा कान फळीला लावला होता, मान अवघडली होती, आणि आपण आता थकलो, असं त्याला मनापासून वाटत होतं. भिवाजीला खरं सांगून टाकावं आणि सुटावं. मान मोकळी करायला म्हणून तो कुशीवर वळला आणि त्याचा डावा, मेलेला कान फळीला टेकला.

खण्ण.

इतकं स्वच्छ त्याने दिवाळीपासून ऐकलं नव्हतं. मागोमाग घरघर आली. कोंडाजीच्या डोळ्यांत पाणीच आलं. त्याने थाप मारली, भिवाजीने गाडी पळवली. गाडी पळाली, पण घरघर पळाली नाही. ती आपल्या चालीनेच फिरत राहिली, सावकाश, आणि प्रत्येक फेऱ्याला एक खण्ण. चाकाशी, इंजिनाशी, रस्त्याशी तिचा काहीच संबंध नव्हता. कोंडाजीने दोन थापा मारल्या.

गाडी थांबली. इंजिन बंद झालं.

घरघर चालूच होती.

फळ्यांखालून चिखलाचा ओला वास वर आला. अशा उन्हात, अशा कोरड्या रस्त्यावर. आणि फेऱ्याफेऱ्याला कुणीतरी जोर लावताना टाकावा तसा श्वास ऐकू येत होता... बाईमाणसाचा. तीन-चार फेरे झाले आणि सगळं थांबलं.

कोंडाजी खाली उतरला. ट्रकच्या मागे वाकून पाहिलं, तर मागच्या आडव्या लोखंडाला सुंभाने बांधलेला एक वाटोळा काळा दगड लोंबत होता. चाकामागे लावायचा दगड सगळ्याच ट्रकना असतो, म्हणून छपराखाली त्याने तो नीट पाहिलाच नव्हता. जात्याची वरची तळी होती ती. खुंट्याचा लाकडी तुकडा अजून तिच्यात रुतलेला होता.

भिवाजीने मग सगळं सांगितलं. पाणी उतरलं की डायव्हर मंडळी वळसा वाचवायला धरणाच्या तळातूनच गाडी घालतात. चार दिवसांपूर्वी चढावर गाडी मागे सरकायला लागली, चाकाखाली लावायला दगड हवा होता. समोरच्या चौथऱ्यावर हे जातं पडलेलं. वरची तळी उचलली, चाकामागे लावली, गाडी निघाली. तिच्या मधल्या भोकातून सुंभ ओवता येतो, म्हणजे दर चढाला दगड हुडकायला नको, म्हणून त्याने ती बरोबर घेतली. यात काही वावगं आहे असं त्याला तेव्हा वाटलं नव्हतं. आता मात्र त्याचा चेहरा उतरला होता.

"रिकामं जातं फिरवू नये, म्हनायची माझी आय," तो हळूच म्हणाला. "आन् ह्ये तर निम्मंच हाय, मिस्त्री... खालची तळी तितंच ऱ्हायली."

कोंडाजीला त्याचा शब्दन् शब्द कळला. तोंडाकडे न बघता कळला. वर घिरट्या घालणाऱ्या घारीची शीळ कळली, पाण्याकाठी कुणाच्या तरी म्हशीने फुरफुर केलं तेही कळलं.

भिवाजीने सुंभ सोडला आणि दगड छातीशी धरून, जिथला तिथं ठेवून येतो म्हणत उतारावरून गाळाकडे चालू लागला. तो दहाएक पावलं गेला असेल, आणि घारीची शीळ बारीक झाली. आणखी थोडा गेला आणि म्हैस मुकी झाली. कोंडाजीला आपला स्वतःचा खोकलासुद्धा ऐकू येईना. दोन्ही कानांत कापूस बसला. भिवाजी लांब जात होता तसं जगच लांब जात होतं.

"भिवाजी," त्याने हाक मारली. किती जोरात मारली ते त्यालाच कळलं नाही. "आण त्यो माघारी."

भिवाजी जागच्या जागी उभा राहिला. परत आला तेव्हा तो काकुळतीला आला होता. "ज्याचं त्येला दिऊन टाकू, मिस्त्री. माझं ऐका."

कोंडाजीने त्याला सांगितलं, की खण्ण त्या दगडाचीच, तो हेलकावून गोळ्यावर आपटत होता. घरघर वंगणाची, ते आता नवं घातलंय. दगड छपराखाली जॅक टेकवायला बरा पडेल. इंजिन बंद असताना काय ऐकलं ते त्याने सांगितलं नाही. भिवाजीलाही गाडीतून तो दगड जायला हवाच होता. त्याने कोंडाजीला पौडला सोडलं, आणि त्याची गाडी पुन्हा कुरकुरली नाही.

दगड कोंडाजीने घरात बाजेखाली सरकवला. घर आणि छप्पर यांच्यामध्ये एक कुडाची भिंत, त्यामुळे कामावरही त्याला ऐकू यायचं. काय ऐकू यायचं म्हणून सांगावं! ट्रक नाक्यावर असतानाच तो कोणतं बेअरिंग गेलंय ते सांगायचा. ठेकेदार खूश, डायव्हर खूश. कोंडाजीचा कंटाळा पळाला, तो चहा पिताना गुणगुणायला लागला.

पहाटे मात्र जाग यायची. बाजेखाली घरघर असायची. कोरडी, रिकामी. तेल नसलेलं बेअरिंग जसं ओळखू येतं तसं त्याला दाणा नसलेलं जातं ओळखू यायचं. पहिल्या पहाटे तो भ्याला. मग त्याने स्वतःला समजावलं, की एवढं चालायचंच. तो डोळे घट्ट मिटून पडून राहायचा. शेजारी हात लावून बघायचं धाडस त्याने कधी केलं नाही.

रंभाबाई दिवसाची पेंगायला लागली. भाकरी थापताना तिचा हात मध्येच थांबायचा. एकदा सकाळी तिने दोन्ही तळवे त्याच्यापुढे धरले. बोटांच्या मुळाशी फोड फुटून सालटं निघाली होती.

"बगा की," ती म्हणाली, "पौडात गिरन आल्यापून मी जात्याला हात लावला न्हाई. ह्ये कशानं आलं म्हनायचं?"

दगड जिथला तिथं ठेवून यायला अख्खा दिवस होता, मालेकडे जाणारा ट्रक दारात उभा होता. त्याने मनाशी ठरवलंही. तेवढ्यात त्या ट्रकचं इंजिन सुरू झालं आणि त्याच्या पोटातली प्रत्येक पट्टी, प्रत्येक चक्र वेगवेगळं बोलायला लागलं. पाणी भरताना पोहऱ्याचा दोर घासला असेल, असं काहीतरी तो रंभाबाईला म्हणाला आणि बाहेर गेला.

ज्येष्ठ लागला. घाटमाथ्यावर ढग जमले. एका पहाटे घरघरीचा आवाज बदलला, मऊ पडला. जात्यात कुणीतरी दाण्यांची मूठ सोडली होती. कोंडाजीला राहवलं नाही, त्याने शेजारी हात नेला. रंभाबाईच्या जागी बाज थंड होती.

उजाडलं तेव्हा रंभाबाई दारात उभी होती. नेसणं नीटनेटकं, डोक्यावर पदर, काखेत बोचकं. तिने कोंडाजीकडे पाहिलं, पण ओळखीचं काही नजरेत नव्हतं. लांबच्या प्रवासात वाटेत भेटलेल्या माणसाशी बोलावं तसं ती दमलेल्या आवाजात बोलली.

"पानी चडायच्या आत घरला जायाला पायजे," ती म्हणाली. "सासू एकलीच दळतीया तितं."

कोंडाजीची आई पौडलाच वारली, त्यालाही बारा वर्षं झाली, आणि बुडालेल्या गावात त्यांचं कुणीच नव्हतं. रंभाबाईचा आवाज अगदी बारीक होता, कुजबुजल्यासारखा. कोंडाजीला त्यातलं अक्षरन् अक्षर नीट ऐकू आलं.