घुसखोर रेघ

पडद्यावरची जांभळी रेघ आज पुन्हा मर्यादेच्या वर गेली आणि खाडी प्रयोगशाळेत एकटीच बसलेल्या विशाखा पागधरेच्या तोंडून अस्सल शिवी निघाली. रेघ प्रेझिओडिमियमची होती. म्हणजे कायद्याच्या हिशोबाने जयूकाकीच्या, कापड रंगवायच्या रंगशाळेची.

कायदा ऐकायला मोठा गोड. खाडीत पाणी सोडणाऱ्या प्रत्येकाने आपल्या सांडपाण्यात सरकारने नेमून दिलेलं मुद्राद्रव्य मिसळायचं. ही मुद्राद्रव्यं दुर्मिळ मृदा कुळातली मूलद्रव्यं, प्रत्येकाला वेगळं. खाडीचं पाणी प्लाझ्माच्या ज्योतीत फवारलं की प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या ठरलेल्या रंगांच्या रेघांनी उजळतं. ज्याची रेघ तेजस्वी, त्याची घाण जास्त. निकाल यंत्र देणार, टाळंही यंत्रच लावणार. जुन्या परवान्याला दोन ताकिदी मिळत, नव्याला एकही नाही. काकीची आज दुसरी ताकीद झाली होती. आई गेल्यावर विशाखाला ज्या काकीने वाढवलं, तिची रंगशाळा आता एका निकालावर लोंबकळत होती.

ती तडक प्रयोगशाळेचे प्रमुख डॉ. गोविलकरांच्या खोलीत शिरली.

"सर, तिथे बायका हळद नि मंजिष्ठ उकळतात. वर्षभर नळ उघडा टाकला तरी एवढी घाण सुटायची नाही."

"यंत्र माणसांची तोंडं बघत नाही, विशाखा."

"रेघाही नीट बघत नाही. सेरियमची एक रेघ प्रेझिओडिमियमला इतकी खेटून आहे की दोघांचा उजेड यंत्राच्या एकाच खिडकीत पडतो. घुसखोरी आहे ही सरळसरळ."

सेरियम ही खाडीच्या मुखावरच्या बड्या रसायन कारखान्याची मुद्रा.

"मला शिकवू नकोस," गोविलकर म्हणाले. "म्हणून तर आपण दुरुस्ती करतो. सेरियमची दुसरी, एकटी असलेली रेघ मोजायची, तिच्यावरून घुसखोरी किती ते काढायचं आणि तेवढं वजा करायचं."

"आणि त्या दुसऱ्या रेघेचं मापटं, म्हणजे यंत्राने जास्तीत जास्त किती उजेड मोजायचा ते, केवढं ठेवलंय? बरोबर कारखान्याच्या परवान्याएवढं. मापटं भरलं की वरून कितीही ओता, यंत्र एकच मापटं म्हणणार. मग वजाबाकी कमी पडते आणि उरलेला उजेड काकीच्या माथी. कारखाना जेवढं जास्त ओतेल, तेवढी ती जास्त गुन्हेगार. नमुना शंभरपट पातळ करून बघू द्या, लगेच कळेल."

"नमुन्यात थेंबभर जरी काही घातलंस तर तो पुराव्यात फेरफार होतो. आणि या यंत्रात रेघांची गफलत होऊच शकत नाही, असं कारखान्याला मी सहीनिशी कळवलंय." त्यांनी चष्मा पुसायला घेतला. "आधीच मुद्रा पुरत नाहीत. कारखान्याचा दुसरा विभाग बांधून तयार आहे, मुद्रेवाचून अडलाय. त्यांचे रोज फोन येतात. त्यात तू नवी भानगड काढू नकोस."

विशाखा दारापर्यंत गेली आणि थबकली. मग थेट रंगशाळेत पोचली.

"काकी, तुझी मुद्रा बदलून घे. वर्षातून एकदा बदलता येते. थुलियम माग, ते जुन्या परवान्यांच्या अदलाबदलीसाठीच राखून ठेवलंय आणि त्याच्या रेघेजवळ इथे दुसऱ्या कुणाची रेघ नाही."

जयूकाकीने पिवळे हात पदराला पुसले. "मी का बदलू? केलंय काय मी? लोक म्हणतील, पकडली गेली म्हणून नाव बदललं."

"चार दिवस म्हणू दे."

"चार दिवससुद्धा का म्हणू द्यायचं?"

"तू सोडलेली मुद्रा रांगेतल्या पहिल्याला मिळते म्हणून. रांगेत पहिलं कोण आहे, विचार."

काकीने विचारलं. उत्तर ऐकून ती कढईच्या कडेला टेकून पोट धरून हसली आणि अर्जावर अंगठ्याचा ठसा उमटवायला आपणहून निघाली.

सोडलेली मुद्रा कारखान्याने दुसऱ्याच दिवशी झडप घालून उचलली. पुढच्या तपासणीला थुलियमची रेघ जेमतेम दिसली. जांभळी रेघ मात्र होती तिथेच, मर्यादेच्या वर. यंत्राने मुद्रा पाहिली, मालक पाहिला आणि कारखान्याच्या कोऱ्या करकरीत विभागाला टाळं ठोकलं.

कारखान्याच्या संचालकांचा फोन आला तेव्हा गोविलकरांचा चेहरा पडला होता. विशाखालाही ऐकू यावं म्हणून त्यांनी फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला.

"अहो, आमच्या नव्या विभागाचा नळ अजून उघडलासुद्धा नाही," संचालक तणतणत होते. "आमचे रसायनतज्ज्ञ म्हणतात, सेरियमची रेघ यात घुसली आहे. तुमचं यंत्र चुकतंय."

"यंत्रात गफलत होऊ शकत नाही, असं पत्र तुम्हीच आमच्याकडून मागून घेतलं होतं ना?" विशाखा म्हणाली.

"ते वेगळं. आता आम्ही सांगतो ना, घुसखोरी आहे."

"असेलही. पण दुरुस्ती केल्यावर ती उरते कधी, हे तुमच्या तज्ज्ञांना विचारा. सेरियमचं मापटं भरून बाहेर सांडलं तरच. म्हणजे तुमच्या जुन्या विभागाने परवान्याच्या वर ओतलं तरच. तसं लेखी द्या, नव्या विभागाचं टाळं आजच काढते."

पलीकडे संचालक कुणाशी तरी कुजबुजू लागले. गोविलकर खिडकीबाहेर बघत राहिले, पण त्यांनी तिला थांबवलं नाही.

"बोला साहेब," विशाखा म्हणाली. "टाळं कुठल्या दाराला लावू?"