तिसरा पुकारा

दिवे गेलेत तोवर बसा, एक गोष्ट सांगते. घाबरलात तर माझा दोष नाही, हसलात तरी नाही.

मी कोर्टात स्टेनो होते. सगळा जन्म दुसऱ्यांचं बोलणं उतरवून घेण्यात गेला, म्हणून आता मी कुणाला बोलू देत नाही. आमच्या कोर्टाचा पट्टेवाला दाराशी उभा राहून पक्षकारांची नावं पुकारायचा. सगळे त्याला भोंगा म्हणत. त्याने 'हाजिर हो' म्हटलं की फाटकाबाहेरच्या चहावाल्याचा हात हलून चहा सांडायचा. रिवाज असा, की नाव तीनदा पुकारायचं. तिसऱ्या पुकाऱ्यालाही माणूस आला नाही तर त्याच्या माघारी निकाल. पण भोंग्याला तिसऱ्यांदा ओरडावं लागलेलं मला तरी आठवत नाही. घसा टिकावा म्हणून ज्येष्ठमधाची काडी कायम गालात. तो जवळ आला की आधी तो गोडसर वास यायचा.

पुढे आम्ही निवृत्त झालो. आम्हा कोर्टातल्या माणसांना वाढीव पेन्शन द्या, म्हणून कोर्टानेच सरकारला हुकूम केला. त्या दिवशी आमची केस पुकारणाऱ्या नव्या पट्टेवाल्याचा आवाज ऐकून भोंगा माझ्या कानात कुजबुजला, "बाई, हा पुकारा आहे की अंगाई?" हसू दाबता दाबता मी निकाल ऐकला. निकाल आमच्या बाजूने लागला आणि सरकार ढिम्म बसलं. आधी म्हणे अपील, मग म्हणे समिती, मग म्हणे निधी नाही. वाट बघता बघता आधी भोंग्याचा घसा गेला, मग भोंगा गेला.

मागे राहिली त्याची बायको, आमची वहिनी. भाडं थकलेलं, घरमालकाने महिनाअखेरीस खोली रिकामी करायला सांगितलेलं. तो गेल्यावर निधी मंजूर झाला, आता पेन्शन कार्यालयातल्या लेखाधिकाऱ्याची एक सही झाली की तिला थकलेले पैसे मिळणार होते. आणि एके दिवशी कळलं, की त्या साहेबाची उद्याच बदली आहे. नवा साहेब म्हणजे पुन्हा पहिल्यापासून सगळं.

म्हणून त्या दुपारी मी वहिनीला घेऊन तिथे गेले. कार्यालय तळघरात. लांबलचक बोळ, दोन्ही अंगांना पत्र्याची कपाटं, दमट कागदांचा कुबट वास.

"साहेब मीटिंगला गेलेत," शिपाई म्हणाला.

साहेबांच्या टेबलावर चष्मा पडला होता आणि चहातून वाफ येत होती.

"चष्मा न घेता गेले? आणि चहा कोण पितंय, मीटिंग?" मी विचारलं.

"मी काय सांगणार, आजी," असं पुटपुटत तो सटकला.

आम्ही बोळातल्या बाकावर बसून राहिलो. संध्याकाळ झाली, एकेक माणूस डबा घेऊन घरी गेला. वहिनी पिशवी मांडीवर घट्ट धरून बसली होती. "ताई, आज नाही झालं तर उद्यापासून सामान बांधते," ती म्हणाली. मला इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात दिवे गेले.

काळोख असा की आपलाच हात आपल्याला दिसेना. कुठेतरी नळ ठिबकत होता. मग तोही थांबला. आणि मला वास आला.

"वहिनी... काही चघळताय का?"

"नाही... मला वाटलं, तुम्हीच."

बोळाच्या पार टोकाकडून आवाज आला. आधी खर्जात, मग तो ओळखीचा हेल काढत वर चढत गेलेला... "लेखाधिकारी... हाजिर हो..."

कपाटांची दारं थरथरली. वहिनीचा हात धरला तर तो बर्फासारखा गार. पण ती हसत होती, अगदी हळू.

"घसा बरा झालेला दिसतोय ह्यांचा," ती म्हणाली.

दुसऱ्या पुकाऱ्याआधी कुणीतरी छाती भरून श्वास घेतला. तो आमच्या बाकाला लागूनच. मी बॅटरी लावली. तिथे कुणी नव्हतं. पुकारा मात्र तिथूनच उठला आणि बोळभर घुमला.

समोरच्या दप्तरखोलीची कडी आतून वाजली. साहेब बाहेर आले, केसांत जळमटं, हात जोडलेले. आमच्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. आमच्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे बघत म्हणाले, "हजर आहे... मी हजर आहे..."

माझ्या बॅटरीच्या उजेडात त्यांनी सही केली. वहिनीच्याच नाही, टेबलावरच्या सगळ्या गठ्ठ्यावर. मग अगदी केविलवाण्या आवाजात म्हणाले, "त्यांना सांगा ना... तिसऱ्यांदा नको."

वहिनी बोळाकडे वळली. "पुरे हो आता," ती म्हणाली, नवरा फार मोठ्याने घोरला की बायका म्हणतात तसं. आणि दिवे आले.

पैसे आले, सगळ्यांचे आले. वहिनीने भाडं चुकतं केलं आणि स्वतःसाठी आरामखुर्ची घेतली. तिच्या खोलीत आम्ही सगळी म्हातारी मंडळी जमलो. आमचे बेलीफ गुडघे दुखतात म्हणून जिना चढायला कुरकुरले आणि वर येऊन नाचले. मी किती वर्षांनी पोट दुखेपर्यंत हसले. भोंगा हवा होता, असं प्रत्येकाला वाटत होतं, आणि प्रत्येकाने ते बोलून दाखवलं.

सगळे गेल्यावर मी कप विसळायला थांबले. वहिनी सहज म्हणाली, "काल दिवेलागणीला मला पुकारा झाला, ताई. पूर्ण नावाने, कोर्टात करतात तसा."

"कितीदा?"

"दोनदा."

माझा हात थांबला. "मग?"

"मग काय. म्हटलं, इतकी वर्षं सरकारची वाट बघितलीत, आता थोडी माझी बघा. खुर्ची कालच आलीय."

आम्ही दोघी इतक्या हसलो की कप फुटायचा राहिला. जिना उतरतानाही मला हसू आवरत नव्हतं. खालच्या वळणावर तो गोडसर वास आला, आणि माझ्या मागे कुणीतरी छाती भरून श्वास घेतला. वहिनीचं नाव येतंय की माझं, ते ऐकायला मी थांबले नाही.