कव्हरं तुमची, डिस्क माझ्या

"अहो, हे काय करताय तुम्ही?"

उर्वीच्या आवाजाने तो तरुण दचकला. रोह्याच्या बाजारपेठेतली जुनी व्हिडिओ लायब्ररी त्या दिवशी कायमची बंद होत होती. मालकांनी ओळखीच्या गिऱ्हाइकांना 'हवं ते घेऊन जा' असा निरोप धाडला होता. पेणला शाळेत शिकवणारी उर्वी शाळा सुटल्या सुटल्या निघाली होती, तरी तिला उशीरच झाला. हा तिच्याआधी येऊन जमिनीवर मांडी घालून बसला होता. एकेक डबी उघडायची, आतली डिस्क कागदी पाकिटात सरकवायची, आणि कव्हर… कव्हर सरळ कोपऱ्यात फेकायचं.

"कव्हरं टाकताय?"

"घरात जागा नाय," तो शांतपणे म्हणाला. "कव्हरं ठेवली तर माणसं कुठं ठेवू?"

"सिनेमा कव्हरापासून सुरू होतो."

"मग माझे सगळे सिनेमे मधूनच सुरू होतात म्हणा."

त्याने वर पाहिलं. कपाळावर धूळ, आणि डोळ्यांत इतकं उघड हसू, की उर्वीला रागावून राहणं जमेना. ती पदर खोचून त्याच्यासमोर बसली आणि कोपऱ्यातली कव्हरं गोळा करू लागली. तो डिस्क काढायचा, ती कव्हर पुसायची. बाहेर पाऊस येत होता, जात होता. दिवेलागणीला दुकानातली मांडणी रिकामी झाली, तेव्हा मालक कमरेवर हात ठेवून हसले.

"हिच्याकडे कव्हरं, ह्याच्याकडे डिस्क. माझी लायब्ररी दोन गावांत फाटली म्हणायची."

त्याचं नाव ऋत्विक. घर खांब गावाजवळच्या एका वाडीत, नोकरी डोलवीच्या कंपनीत, आणि शिफ्टसाठी पेणला भाड्याची खोली. घरच्या टीव्हीला त्याने एक छोटा डबा जोडला होता. जमवलेले सगळे सिनेमे, सगळ्या मालिका तो त्यात भरायचा. आईने रिमोटचं एक बटण दाबलं की झालं.

"एकदा कॉपी झाली की डिस्क तुमच्या," तो म्हणाला. "रविवारी गावी जाताना देत जाईन. चालेल?"

"चालेल," उर्वी म्हणाली. मग जरा थांबून— "पण ओरखडे नकोत."

उर्वीचा संग्रह म्हणजे बैठकीच्या खोलीतली अख्खी भिंत होती. कॉलेजात असल्यापासून ती एकेक डबी जमवत आली होती. संध्याकाळ कशी घालवायची ते फोनने ठरवू नये, आपण उठावं, भिंतीसमोर उभं राहावं, बोट फिरवावं आणि एक काहीतरी उचलावं, एवढंच तिचं सुख. तिचे वडील, दामोदरराव, निवृत्त शिक्षक. "आमच्या घरी रंग द्यायचा खर्च तीनच भिंतींचा," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे.

पहिल्या रविवारी ऋत्विक आला आणि त्या भिंतीसमोर बराच वेळ नुसता उभा राहिला.

"हे सगळं पाहिलंय तुम्ही?"

"काही काही तर पाठ आहे."

"मग एक विचारू?" तो वळला. हसू आज जरा मागे सरलं होतं. "मी तान्हा असताना आमच्या वाडीत एका मालिकेचं शूटिंग झालं होतं. लावणीच्या दिवसांत. वाडीतल्या बायांना शेतात उभं केलं होतं, त्यात आई होती. तेव्हा घरात टीव्ही नव्हता. तिनं ते कधी बघितलंच नाय. नाव पण ठाऊक नाय. म्हणून दिसेल ती जुनी मालिका मी उचलतो… कधीतरी सापडेल."

उर्वी त्याच्याकडे पाहत राहिली. हा माणूस कव्हरं फेकतो म्हणून ती त्याच्यावर चिडली होती.

"आईंना आणखी काही आठवतं?"

त्याने तिथूनच आईला फोन लावला. गिरजाबाईंचा मोठा, मोकळा आवाज खोलीभर झाला. "आठवतं तं. लाल मोटार व्हती गो, शहरातली. चिखलात रुतली, नि आमी समद्या बायांनी ढकलली."

लाल मोटार. चिखल. उर्वीला कुठेतरी पाहिल्यासारखं वाटलं, पण नेमकं आठवेना.

ते तिला चार-पाच दिवसांनी, फळ्यावर लिहिता लिहिता आठवलं. 'सातव्या मैलाचं घर'. तिच्याच भिंतीवर, वरून दुसऱ्या फळीवर. शाळेतून येऊन तिने चपला काढायच्या आधी डिस्क लावली. शेवटच्या भागात मोटार होती, लाल. चिखल होता. बायाही होत्या… पण दूर. इरली पांघरलेल्या, पाठमोऱ्या, पावसात पुसट झालेल्या. एकीचाही चेहरा दिसत नव्हता. तिने तो तुकडा पुन्हा पुन्हा पाहिला. मग टीव्ही बंद करून बसून राहिली.

इतक्या वर्षांचा शोध, आणि हाती हे?

रविवारी ऋत्विकने दारातूनच विचारलं, "काय आठवलं का?"

"नाही अजून," उर्वी म्हणाली, आणि चहा ठेवायला आत पळाली.

त्याचं मन मोडायला नको, असं तिने स्वतःला समजावलं. पण आधणाकडे पाहताना तिला दुसरंही कारण कळून चुकलं. मालिका सापडली की तो कशाला येईल? हा दारातला हसरा चेहरा, "ही नायिका तुमच्यासारखीच भांडकुदळ हाय" असले शेरे, चहा संपला तरी कप हातात धरून बसणं… हे सगळंच संपेल.

तो मात्र येत राहिला. दर रविवारी दोनच डिस्क आणायचा.

"इतका वेळ लागतो कॉपीला?" एकदा दामोदररावांनी पेपरामागून विचारलं.

"जुन्या डिस्क ना, काका… हळूहळू घ्यावं लागतं," ऋत्विक म्हणाला आणि त्याचे कान लाल झाले. दामोदररावांनी पेपर जरा आणखी वर धरला.

पुढच्या खेपेला तो जायला निघाला, उंबऱ्यात बूट घालता घालता म्हणाला, "आई रोज विचारते, त्या पेणच्या बाईंना मोटार सापडली का. लई विश्वास हाय तिचा तुमच्यावर."

उर्वीला ते सोसवेना.

"थांबा," ती म्हणाली. "सापडलीये. केव्हाचीच."

तिने सगळं सांगितलं. लाल मोटार, पाऊस, पाठमोऱ्या बाया. ऋत्विक पायरीवर बसला होता, एक बूट पायात, एक हातात.

"चेहरा दिसत नाही म्हणून सांगितलं नाहीत?"

"हो." मग तिने मान खाली घातली. "आणि… नंतर तुम्ही यायचं कारण उरलं नसतं म्हणून."

पागोळ्या गळत होत्या. त्याने हातातला बूट खाली ठेवला.

"रोह्याच्या सगळ्या डिस्कची कॉपी पहिल्याच आठवड्यात झाली होती," तो म्हणाला.

"काय?"

"सगळ्या. तुम्हाला दोन-दोन करून देत होतो." त्याने चोरटं वर पाहिलं. "आज दोन आणल्यात, तरी खोलीवर पिशवीभर उरल्यात."

उर्वी हसू लागली. आधी तोंडावर हात धरून, मग हात काढून. आतून दामोदररावांचा आवाज आला, "आता त्या पोराला आत तरी घे. भिजतोय."

आईला मात्र खरं सांगूनच दाखवायचं, असं दोघांनी ठरवलं. पुढच्या रविवारी उर्वी डिस्क घेऊन त्याच्यासोबत खांबला गेली.

गिरजाबाई अंगणातच उभ्या होत्या. "ये गो बाय," म्हणत त्यांनी तिचा हात धरला तो टीव्हीसमोर बसेपर्यंत सोडलाच नाही. ऋत्विकने आधीच सांगून टाकलं, "आई, लांबून हाय सगळं. तू ओळखू येणार नायस."

"लाव तर खरं."

पडद्यावर पाऊस सुरू झाला. लाल मोटार आली, रुतली. बाया धावल्या. गिरजाबाई पुढे सरकल्या. "ही ताराक्का. ही शेवंता… ही मी, मागची. काय गो बारीक व्हते मी." त्या पाठींवरूनच एकेकीला ओळखत होत्या. उर्वी थक्क होऊन ऐकत होती.

आणि मग त्यांनी उर्वीचा हात पुन्हा घट्ट धरला.

मोटार निघून गेली होती. रिकाम्या बांधावरून एक माणूस डोक्यावर पोतं घेऊन चालत येत होता. चालता चालता तो थांबला, कॅमेऱ्याकडे बघून ओशाळा हसला आणि लगबगीने चौकटीबाहेर गेला. उर्वीने हा तुकडा कितीदा पाहिला होता, पण तिचे डोळे बायांचे चेहरे शोधत राहिले होते.

"हे बघ," गिरजाबाई हळूच म्हणाल्या. "तुझे बाबा."

ऋत्विक तीन वर्षांचा असताना त्याचे वडील गेले. घरात त्यांचा एकच फोटो, तोही अंधारलेला, ताठ, ओठ मिटलेला. ते चालायचे कसे, हसायचे कसे, हे त्याला ठाऊक नव्हतं.

"त्यांना मधी यायचं नव्हतं," गिरजाबाई डोळे पुसत हसत होत्या. "शूटिंगचा साहेब कवढा वरडला. मला वाटलं, तेवढा तुकडा कापला असल. मी काय मला बघाया बसले व्हते व्हय? पुन्यांदा लाव गो."

ऋत्विकच्या हातून रिमोट घसरला. उर्वीने तो उचलला आणि पुन्हा लावलं. ते पुन्हा चालत आले, पुन्हा हसले. तेच उघड, डोळ्यांतलं हसू. उर्वीने एकदा पडद्याकडे पाहिलं, एकदा शेजारी. ऋत्विकच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि तो हसत होता.

संध्याकाळपर्यंत निम्मी वाडी घरात जमली. ज्याने त्याने आपापली आई, आजी, मावशी ओळखली. गिरजाबाईंनी सगळ्यांना घावणे घातले आणि प्रत्येकाला सांगितलं, "हिनं शोधलं. पेणची हाय."

उर्वी निघाली तेव्हा ऋत्विक तिला हायवेवर गाडीपर्यंत सोडायला आला. दोन्ही बाजूंना भात पोटरीला आलं होतं.

"आता कॉपी करायला काय उरलं नाय," ऋत्विक म्हणाला.

"नाही."

"शोधायला पण."

"नाही."

"तरी रविवारी आलो तर… चालेल?"

"नको येऊस," उर्वी म्हणाली. ती पहिल्यांदाच त्याच्याशी एकेरीत बोलली होती, आणि ते दोघांनाही एकदमच कळलं. "मी येणार आहे. आईंनी घावणे शिकायला बोलावलंय."

"आणि तुझ्या बाबांना काय सांगशील?"

गाडी आली. उर्वी पायरीवर चढली, दांडा धरून वळली.

"बाबांना काही सांगायचं नाहीये. सकाळी निघताना तेच म्हणाले, त्या मुलाला विचार, सिनेमे ठेवायला आपल्या घरातली दुसरी भिंत त्याला चालेल का? रंग दोनच भिंतींना देऊ."

गाडी हलली. ऋत्विक तिच्याबरोबर चार पावलं धावला.

"चालेल म्हणून सांग," तो ओरडला. "कव्हरांसकट."