नागपंचमीला फिरलेलं जातं

खोटं वाटत असेल तर आत्ताच पान उलटा. मला कुणाचं कौतुक नको, अन् माझ्या घरातली गोष्ट खोटी ठरवायचा हक्क मी कुणाला दिलेला नाही.

ही गोष्ट माझ्या सासूची आहे. पण घडली तेव्हा ती माझी कुणीच नव्हती, म्हणून नावानंच सांगते.

तारामती.

साल १९४८. महिना श्रावण. जागा हैदराबाद, जामबाग, दोन खोल्यांचं भाड्याचं घर. वेळ सकाळची, साडेसहाची. भुतांची वेळ नव्हे, दूधवाल्याची.

तारामतीचा थोरला, नरहर, त्या उन्हाळ्यात घर सोडून संस्थानच्या हद्दीपलीकडं गेला. तिकडं मुक्तीसाठी लढणाऱ्या पोरांचा कॅम्प होता. जाताना तारामतीनं त्याला रडून नाही, दटावून विचारलं, "तू जिवंत आहेस हे मला कळणार कसं रे हौल्या?"

तो हसला. "रोज सकाळी रेडिओ लाव. रोज तुझी एक शिवी तुलाच ऐकवीन."

अन् खरंच ऐकवायचा.

त्या कॅम्पात चोरून चालवलेलं रेडिओ केंद्र होतं. रोज साडेसहाला दहा मिनिटं नरहर त्यावर बोलायचा. नाव सांगायचा नाही. म्हणायचा, "ऐका हो ऐका, चुगलखोर बोलतोय!" मग आदल्या दिवशीच्या बातम्या. त्याही अशा मीठमसाला लावून, की ऐकणारीनं पदर तोंडात कोंबावा.

"काल फर्मान निघालं. शहरात कशाचीही कमतरता नाही. मीठ नाही, रॉकेल नाही, ज्वारी नाही. पण कमतरता? ती अजिबात नाही!"

किंवा, "रझाकारांची कवायत पाहिली. बंदूक दोघांत एक, घोषणा मात्र माणशी चार."

अन् शेवटी, "आमच्या आई म्हणतात…" करून तारामतीचा एखादा टोमणा. "आमच्या आई म्हणतात, पाऊस पडला की बेडकाला वाटतं, आपणच बोलावला."

तो टोमणा ऐकला की तारामतीचा दिवस सुरू व्हायचा. पोरगं जिवंत आहे. आजच्यापुरतं तरी.

पण हे ऐकणं म्हणजे गुन्हा. नवरा, केशवराव, सरकारी दफ्तरात कारकून. कुणी चुगली केली तर नोकरी जाणार, अन् केशवराव आत जाणार. गल्लीत झडत्या सुरू झाल्या होत्या. म्हणून तारामतीनं युक्ती काढली. रेडिओ जात्याशेजारी ठेवायचा. त्यावर गोधडी टाकायची, उजेडही दिसू नये अन् आवाजही फुटू नये. कान गोधडीला लावायचा आणि हातानं दळत राहायचं.

जात्याच्या घरघरीत सगळं बुडून जायचं. सकाळी बाई दळत बसली, त्यात नवल काय?

घरातली मांजर त्या गोधडीवर झोपायची. रेडिओ तापायचा ना, तिला ऊब मिळायची.

आषाढ संपता संपता ज्वारी संपली. बाहेरून माल येणं बंद. रेशनवर मिळायचा तो मूठभर तांदूळ. आता दळायचं काय?

तारामतीनं रिकामंच जातं फिरवलं.

आपल्यात रिकामं जातं फिरवत नाहीत; दाणा नसला की ते जीव धरतं म्हणतात. पोरीबाळींनी खेळता खेळता फिरवलं तरी म्हातारी बाई हातावर चापट मारते. तारामतीला हे ठाऊक नव्हतं का? ठाऊक होतं. पण आईला काय ठाऊक आहे आणि आई काय करते, यात फार अंतर असतं.

शेजारच्या बडीबीला सगळं कळत होतं. भिंत एकच. एकदा नळावर ती तारामतीच्या कानाशी येऊन म्हणाली, "अम्मा, घर में जवारी नै, फिर भी रोज पीसते तुम. फिकर नक्को करो. मेरे कान में तो चक्कीच आती."

मग नागपंचमी आली.

त्या दिवशी कापायचं नाही, चिरायचं नाही, तवा ठेवायचा नाही. आणि दळायचं तर मुळीच नाही.

केशवराव रात्रीच बजावून झोपले होते, "उद्याचा एक दिवस रेडिओ नको. नागपंचमीला दळण्याचा आवाज गेला तर गल्लीला संशय येईल. शिवाय… बरं नसतं ते."

"एक दिवस?" तारामती म्हणाली. "त्या एका दिवसात काय काय होतं, ते तुम्हाला दफ्तरात बसून कळायचं नाही."

साडेसहाला ती बसली. रिकामं जातं. नागपंचमीचा दिवस.

घर्र… घर्र…

"ऐका हो ऐका, चुगलखोर बोलतोय!" नरहर रंगात होता. बोलला, हसला. मग म्हणाला, "आमच्या आई म्हणतात…"

आणि खट्ट.

नुसती खरखर.

तारामती खुंटा फिरवत राहिली. पाच मिनिटं… अर्धा तास… खरखर. त्यापुढं काही नाही.

त्या दिवशी तिनं पाणीसुद्धा घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा बसली. घर्र… घर्र…

"ऐका हो ऐका!"

तिनं डोळे मिटले. देवाचं नाव घ्यायचंही सुचलं नाही. आवाज कसा लख्ख होता! रोज खरखर असायची, आज तीही नाही. जणू पोरगं गोधडीखालीच बसलंय.

बातम्या झाल्या. मग, "आमच्या आई म्हणतात, चष्मा कपाळावर अन् शोध गावभर, सरकार असंच चालतं."

तारामती हसली.

आणि हसता हसता… थांबली.

हे ती केशवरावांना काल संध्याकाळी म्हणाली होती. स्वयंपाकघरात. चारच भिंती ऐकायला होत्या.

नरहरनं हे ऐकलं कुठून?

भीती नाही वाटली तिला. आशा वाटली. पोरगं शहरात आलंय! इथंच कुठं तरी लपलंय, कदाचित माळ्यावर, कदाचित बडीबीकडं. तिनं माळा पाहिला. न्हाणीमागं पाहिलं. दुपारी एक ताट वाढून मागच्या दाराशी ठेवलं.

ताट तसंच राहिलं. मांजरही शिवली नाही.

मांजर… हो. ती आता गोधडीवर झोपत नव्हती. उंबऱ्यापाशी बसायची, अंग फुगवून, जात्याकडं बघत.

रोज नवा टोमणा यायचा. आणि तो आदल्याच दिवशीचा असायचा.

तारामतीनं परीक्षा पाहायची ठरवली. घरात कुणी नसताना जात्याच्या तोंडाशी वाकली आणि कधी न उच्चारलेलं काहीतरी पुटपुटली. "उंटानं मान लांबवली म्हणून आभाळ चाटता येत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी…

"आमच्या आई म्हणतात, उंटानं मान लांबवली म्हणून आभाळ चाटता येत नाही."

अक्षर न् अक्षर तेच.

त्याच दिवशी बडीबी नळावर भेटली. चेहरा उतरलेला. "तुम्हारा बेटा आ गया क्या? रोज सुबह हँसता. दीवार के इस बाजू आवाज आती. अम्मा, थोडा आहिस्ता बोलो उसको…"

रेडिओचा आवाज आजवर कधी भिंतीपलीकडं गेला नव्हता.

गणपती बसले. मग हिंदुस्थानी फौज हद्दीत घुसली अन् लढाई सुरू झाली. रात्री दिवे बंद, दारं बंद. चौथ्या दिवशी सकाळी चुगलखोर म्हणाला, "उद्या संध्याकाळी सगळं संपेल. परवापासून जो तो म्हणेल, आम्ही तर पहिल्यापासून तिकडचेच! पांढरी टोपी घ्यायची असेल तर आजच घ्या. उद्या भाव वाढेल."

तारामतीनं नवऱ्याला सांगितलं. "उद्या संध्याकाळी संपतंय सगळं. नरहर घरी येईल."

केशवरावांनी तिच्याकडं न बघता खिडकीची कडी लावली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी संस्थानच्या शरणागतीची बातमी आली. गल्लीत लोक एकमेकांच्या गळ्यात पडत होते. कालपर्यंत ज्यानं खिडकी उघडली नव्हती तो पेढे वाटत होता, आणि खरंच, डोक्यावर नवी कोरी पांढरी टोपी.

केशवराव घरात आले. घामानं भिजलेले. "तुला कसं कळलं होतं?"

"तुमच्या लेकानं सांगितलं. रेडिओवर. अजून कसं कळणार?"

"अगं…" त्यांनी गोधडीकडं बोट केलं. "रेडिओत व्हॉल्व्ह नाही. नागपंचमीच्या संध्याकाळी मीच काढला. पलीकडच्या घरात झडती झाली होती. मी घाबरलो. मुसी नदीत फेकून आलो. महिना होऊन गेला… तो रेडिओ मुका आहे."

तारामतीनं गोधडी ओढली. मागची फळी काढली.

व्हॉल्व्हच्या काचेच्या नळीची जागा मोकळी होती. तिथं कोळ्यानं जाळं विणलं होतं.

"मग इतके दिवस मी काय ऐकत होते?"

"मला नाही ठाऊक. मी पलीकडून बघायचो. घरघरीत कुणीतरी हसल्यासारखं वाटायचं, मी कान झाकायचो. तू मुक्या रेडिओला कान लावून हसायचीस. सांगायचा धीर नाही झाला."

रात्रभर ती जागीच होती. सकाळी साडेसहाला तिनं रेडिओ उचलून माळ्यावर ठेवला. आणि नुसत्या जात्यापाशी बसली.

घर्र… घर्र…

"आई."

रेडिओवर त्यानं तिला कधी अशी हाक मारली नव्हती.

आवाज जात्याच्या तोंडातून येत होता.

"आई… जातं थांबव गं. फिरतोय मी. थांबता येत नाही."

तिनं हात थांबवला.

आवाजही थांबला.

तिनं पुन्हा फिरवलं. "थांबव गं आई…"

आता तुम्ही म्हणाल, आईनं तिथंच थांबायला हवं होतं. म्हणा. ज्यांची पोरं संध्याकाळी घरी येतात त्यांना म्हणायला काय जातं! थांबवलं तर पोराचा आवाज जाणार. फिरवलं तर पोराला त्रास होणार. तारामती फिरवत राहिली. ना बातम्या उरल्या, ना थट्टा. नुसतं "थांबव". तळहाताला फोड आले, फुटले, तरी ती सकाळ-दुपार फिरवत राहिली. केशवराव तिचा हात धरायचे, ती झटकायची. "तो मेलाय असं कुणी सांगितलं मला? कुणी सांगितलं?"

पितृपक्षात सांगणारा आला.

अंबाजी नावाचा, कॅम्पातला सोबती. खांद्यावर नरहरची पिशवी. दारातच बसला, वर बघेना.

"काकू… नागपंचमीला, सकाळी. कॅम्पावर हल्ला झाला. नरहर रेडिओपाशी होता. आम्ही ओरडलो, पळ म्हणून. तो म्हणाला, एवढं एक वाक्य बोलतो, आई वाट बघत असेल."

"बोलला?"

"अर्धंच, काकू."

तारामती रडली नाही. पिशवी उघडली. आत एक सदरा आणि फडक्यात बांधलेली शेरभर ज्वारी. अंबाजी म्हणाला, "घरी दाणा नसेल म्हणून साठवत होता."

ती उठली. जात्यापाशी गेली. एका हातानं खुंटा धरला, दुसऱ्या हातात मूठभर ज्वारी घेतली. फिरवायला लागली. आवाज आला. अंबाजीनंही ऐकला. तो भिंतीला चिकटून उभा राहिला.

"आई… थांबव…"

"तुझं वाक्य राहिलंय ना रे? सांग. मग घालते."

ती फिरवत राहिली.

मग अगदी हळू, "आमच्या आई म्हणतात…"

तिनं वाट पाहिली. पुढं काही येईना. तिचीच मूठ उघडली, की सुटली, ते तिला मरेपर्यंत सांगता आलं नाही. दाणे पडले. आवाज बुडाला. पीठ सांडायला लागलं.

त्या पिठाची भाकरी तिनं कुणाला खाऊ दिली नाही.

पुढं तिच्या धाकट्या लेकाशी, अनंतशी माझं लग्न झालं. सासूनं मला दागिन्यांआधी ते जातं दाखवलं. "याच्या तोंडात कायम मूठभर ज्वारी ठेव. रिकामं ठेवू नकोस. बाकी काय करायचं ते कर." ती गेली त्याला चाळीसवर वर्षं झाली. आम्ही अंबरपेठेत राहायला आलो, जातंही आलं. मी तिचा शब्द मोडलेला नाही.

मागच्या महिन्यात मी बाजारात गेले होते. माझी सून विमल दसऱ्याची साफसफाई करत होती. तिनं जात्यातली जुनी ज्वारी काढली आणि पुसता पुसता एक फेरा दिला.

मी घरी आले तर ती दाराबाहेर उभी. पांढरीफटक.

"आई, तुम्ही आत्ता येताना ऑटोवाल्याला काय म्हणालात?"

मी म्हणाले होते, "मीटर घोड्याचं अन् चाल गोगलगायीची!" पण ते कोपऱ्यावर. घरापासून दोन गल्ल्या लांब.

"आत कुणीतरी तेच बोललं, आई. पुरुषाचा आवाज होता. आधी म्हणाला, आमच्या आई म्हणतात…"

माझी सासू कधीच गेली. मग आता तो आई कुणाला म्हणतोय?

मी लगेच मूठभर ज्वारी घातली. खुंटा उपटून माझ्या उशाशी ठेवला. खुंट्याशिवाय जातं फिरवणार कोण?

आज सकाळी उठून पाहिलं.

खुंटा उशाशीच होता.

आणि जात्याभोवती… ताजं पीठ सांडलं होतं.