वर्गणीदार व्हा!

“अजूनही कोणी नाही!” नीलने लॅपटॉप मैथिलीकडे ढकलला. “आठवडा झाला ताई, एकाही माणसाने ईमेल दिला नाही!”

मे महिन्याची सुट्टी होती. नौपाड्यातल्या सरोजआत्याच्या घरात भिंतीलगत कुरडया, सांडगे आणि मिरगुंडांची खोकी रचून ठेवली होती. आत्याचं ऑनलाइन दुकान होतं आणि त्यातला माल करायच्या खडवलीच्या सगुणाबाई आणि त्यांच्या सोबतच्या बाया. लोक एकदा घ्यायचे, बोटं चाटायचे आणि साफ विसरून जायचे! म्हणून महिनाअखेरीला दुकान बंद करायचं, असं आत्याने ठरवलं होतं. म्हणजे त्या बायांचं कामही बंद. हे सांगताना आत्याचा चेहरा एवढासा झाला होता आणि तेच या भावंडांना सहन झालं नव्हतं.

तोडगा मैथिलीने काढला. ती आता आठवीत जाणार होती आणि तेवढा रुबाब तिच्यात आला होता. ताजा माल आला की गिऱ्हाइकांना ईमेलने छोटंसं पत्र पाठवायचं!

“न विचारता कोणालाही पत्रं पाठवायची नाहीत हं,” आत्याने बजावलं.

मग विचारायचं! दुकानाच्या पानावर एक चौकट टाकायची. ज्याला पत्र हवं, तो त्यात ईमेल लिहील. वेबसाइट वरच्या मजल्यावरच्या प्रभाकरकाकांनी बनवलेली, तेव्हा चौकटही त्यांनीच टाकून दिली. घाईघाईत, चहा पिता पिता.

“लोक पान उघडतात आणि पळतात. असं काय दिसतं त्यांना?” नील डोकं खाजवत म्हणाला.

“त्यांनाच विचारू या की!” शेजारची संचिता उसळून म्हणाली. ती वयाने सगळ्यांत लहान, पण गप्प बसणं तिला ठाऊकच नव्हतं.

दुपारी तिघं सांडग्यांचं पुडकं घेऊन डोंबिवलीला चांगदेवआजोबांकडे थडकले. आजोबा आत्याचं जुनं गिऱ्हाईक.

“आजोबा, आम्ही काही सांगणार नाही,” मैथिली म्हणाली. “तुम्ही फोनवर दुकान उघडा आणि मनात येईल ते मोठ्याने बोला.”

आजोबांनी चष्मा चढवला. “कुरडया, छान. सांडगे, छान. आणि हे काय? नाव, पत्ता, मोबाइल, जन्मतारीख... लग्न जमवताय की काय माझं?”

संचिता फिस्सकन हसली. नीलने तिला चिमटा काढला.

“आणि खाली? ‘वर्गणीदार व्हा’! अरे बाप रे!” आजोबांनी फोन उपडाच ठेवला. “मांडवाची वर्गणी, पूजेची वर्गणी, आता सांडग्यांचीही? इथे पत्ता दिला, की उद्या पावतीपुस्तक घेऊन दारात हजर!”

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. चोर सापडला होता!

पण काका कसले ऐकतात! “सबस्क्राइबरला मराठीत वर्गणीदारच म्हणतात. मासिकांना नसतात का वर्गणीदार? शब्द अचूक आहे. लोकांनी आपलं मराठी सुधारावं,” असं म्हणून त्यांनी दार लावून घेतलं.

“लोकांचं मराठी सुधारेपर्यंत दुकानाला टाळं लागेल!” नील चिडला.

“काही टाळं लागत नाही,” मैथिली दात ओठ खात म्हणाली. “काकांना पटवायचंच. पण वाद घालून नाही!”

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांची बेल वाजली. नीलने आवाज जाडाभरडा केला. “वर्गणीऽऽ!”

आतून ताबडतोब उत्तर आलं. “साहेब घरी नाहीत! नंतर या!”

“आवाज तर साहेबांचाच येतोय!” संचिता ओरडली.

दार किलकिलं झालं. समोर तिघं आणि मैथिलीच्या हातात उघडा लॅपटॉप!

“काका, शब्द अचूक आहे ना? मग पळालात कशाला?”

काकांचे कान लालबुंद झाले. मग त्यांनाच हसू फुटलं आणि ते पोट धरून हसायला लागले. “हरलो बुवा! सांगा, काय लिहू?”

“एकच रकाना, फक्त ईमेलचा. आणि बटणावर लिहा, ‘माल आला की मला कळवा’. आणि आधी आजोबांना दाखवायचं!”

काकांनी तसा बदल केला आणि आजोबांना फोन लागला. “ईमेल लिहिला. बटण दाबलं. पुढे?”

“पुढे काही नाही आजोबा, झालं!”

“एवढंच? मग आधीच का नाही केलंत असं?”

काका खिडकीबाहेर बघायला लागले.

आजोबांनी ते पान आपल्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर टाकलं, आत्याने सोसायटीच्या. एकेक ईमेल येऊ लागला! मैथिलीने पहिलं पत्र लिहिलं, “खडवलीच्या कुरडया वाळून तयार आहेत. हव्या असतील तर सांगा.” संध्याकाळपासून मागण्या सुरू झाल्या, त्या थांबेचनात. महिना संपायच्या आत भिंतीजवळची खोकी रिकामी झाली!

आत्याने खडवलीला फोन लावला. “सगुणाबाई, दुकान चालू राहणार!”

पलीकडून लगेच प्रश्न आला. “मग ताई, बायांना उद्यापासून बोलवू?”

“उद्या कशाला? आजच निरोप द्या!” आत्या म्हणाली. तिने तिघांना एकदम जवळ ओढलं. “मी तर आशा कधीच सोडून दिली होती. या पोरांनी नाही सोडली!”

“आणि मलाही शिकवलं बरं का,” चहाला आलेल्या काकांनी कबूल केलं. “हुशार आहेत कार्टी!”

“मग पाठवा की त्यांना माझ्याकडे!” फोनमधून सगुणाबाईंचा आवाज आला. “कुरडयांचा गरम गरम चीक खायला घालते. दूध-साखर घालून, पोटभर!”

आत्या हो म्हणायच्या आतच संचिताने चपला घातल्या होत्या.