व्हटनी बोली

वाल्मिकने कॅमेरा घेतला तो काही हौसेने नव्हे. लिंबायतच्या कामगार वस्तीतली ती एक खोली, बायको शोभा दिवसभर बाजारात साड्यांना टिकल्या लावायला, तो स्वतः कारखान्यात लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, आणि मे महिन्याच्या सुट्टीत नऊ वर्षांची धनश्री घरात एकटी. बापाचा जीव थाऱ्यावर राहील कसा? मोबाईलच्या दुकानातल्या धर्मेंद्रने मान फिरवणारा गोल डोक्याचा कॅमेरा फळीवर बसवून दिला. मग फोनवर एकामागून एक विचारणा सुरू झाली. आवाज ऐकू का, चेहरे ओळखू का, तुम्ही कामात असाल तर तुमच्या वतीने बोलू का...

"सगळ्याला हो करा ना भाई, नै तो चालू ज नै थाय," धर्मेंद्र म्हणाला. चालूच होणार नाही म्हटल्यावर वाल्मिकने वाचलं-बिचलं काही नाही. आपण तरी कुठे वाचतो म्हणा!

आता लूमवरच्या माणसाची एक गंमत सांगतो. तिथल्या खडखडाटात कानाशी ओरडलं तरी शब्द पोचत नाही, म्हणून कारागीर समोरच्याच्या ओठांवरून बोलणं ओळखतात. वाल्मिक त्यात पटाईत. पोरीलाही त्याने खेळता खेळता शिकवलं होतं. शोभाच्या नकळत आइस्क्रीमचा बेत ठरवायचा, तर बापलेक नुसते ओठ हलवायचे. ओठाला त्यांच्या अहिराणीत व्हट म्हणतात, म्हणून खेळाचं नाव 'व्हटनी बोली'. फोनचा आवाजही त्याने कायमचा बंद ठेवला होता. लूमवर ऐकू येणार काय, कपाळ? पोर दिसली, हसली, की झालं.

घोडं पेंड खात होतं ते इथेच.

त्या दिवशी भर दुपारी तुटलेला धागा जोडता जोडता त्याने फोनकडे बघितलं. धनश्री फळीखाली उभी राहून वर बघत बोलत होती. तिचे ओठ स्वच्छ दिसत होते. "हो पप्पा, कडी लावली... खिडकीपण?"

वाल्मिकच्या हातातला धागा सुटला. सकाळपासून तो तिच्याशी एक अक्षर बोलला नव्हता!

पोरीने शहाण्यासारखी मान डोलावली. "मम्मी आली तरी नाही उघडणार."

 शेजारच्या लूमवरच्या पंडितला त्याने ओठांनीच 'घरी जातो' सांगितलं आणि जी धूम ठोकली ती थेट रिक्षा गाठेपर्यंत. शोभा फोन उचलेना. तेव्हा कुठे त्याने कॅमेऱ्याचा आवाज पहिल्यांदा मोठा केला. आणि ऐकलं कोणाला, तर स्वतःलाच! तीच तंबाखूची ढास, 'बेटा' म्हणताना तसंच लांबवणं.

"घाबरू नको बेटा. आता दारावर कोणीतरी येईल. माझ्याच आवाजात बोलेल. उघडायचं नाही."

तो गल्लीत पोचला तेव्हा दार बंद. ऊन मी म्हणत होतं, बाहेर चिटपाखरू नव्हतं, आणि नाल्याचा वास तेवढा हवेत धरून राहिला होता.

"धनू... दार उघड बेटा."

"कोन शे?"

"मी शे. तुना पप्पा."

 आतून दबलेला, रडवेला आवाज. "मना पप्पा तं घरमाच शेतस..."

माझे पप्पा तर घरातच आहेत, म्हणे! पोटच्या पोरीने बापाला असं सांगावं? वाल्मिकने दारावर जोरात थाप मारली. आणि मागोमाग आतून त्याचाच आवाज आला, अगदी शांत. "शाबास बेटा. आता गॅसपाशी जा."

तो खिडकीकडे धावला. ओरडून काय उपयोग? त्याचा आवाज आधीच खोटा ठरवून ठेवला होता. त्याने काचेला तोंड लावलं आणि आवाज न काढता नुसते ओठ हलवले. आइस्क्रीम. मम्मीला सांगायचं नाही.

गॅसपाशी पोर थबकली. त्याच्या तोंडाकडे बघत राहिली, आणि एकदम हंबरडा फोडून दाराकडे धावली.

तिला पोटाशी धरून वाल्मिक भर गल्लीत ढसाढसा रडला. मग आत शिरून कॅमेरा उपटायला गेला, तर त्याचं गोल डोकं दाराकडे नव्हतं, पोरीकडेही नव्हतं. ते खिडकीकडे वळलेलं होतं.

कॅमेरा दगडाने ठेचून त्याने नाल्यात फेकला. फोन बंद करून फळीवर भिंतीला टेकवून ठेवला. संध्याकाळी शोभा आली, तिने सगळं ऐकलं. आणि आधी दोघांची दृष्ट काढली. मिरच्या जळून कोळसा झाल्या, पण ठसका कोणालाच आला नाही.

जेवताना धनश्रीचा घास हातातच राहिला. ती फळीकडे बघत होती, बंद फोनच्या काळ्या काचेकडे.

"काय देखस बेटा?"

"आते तो बोलत नही पप्पा..." पोर हळूच म्हणाली. "नुस्ता व्हट हलावस. आइस्क्रीम म्हनस."